कादंबरी लिहून झाली. आता कोणाकडे पाठवू?

नवे कादंबरीकार संपादकांना आणि प्रकाशकांना जे प्रश्न विचारतात, ते वर्षानुवर्षे तेच आहेत. हस्तलिखित कोणी चोरले तर? प्रकाशक पैसे मागतोय, द्यावेत का? सहा महिने झाले, उत्तर नाही. फोन करू का? प्रश्न रास्त आहेत. पण ते बहुधा बाड चार ठिकाणी धाडून झाल्यावर, किंवा न वाचता सही करून बसल्यावर विचारले जातात, आणि तोवर उत्तराचा उपयोग निम्मा झालेला असतो. म्हणून हा रस्ता पहिल्या कल्पनेपासून क्रमाने पाहू. जिथे नुकसान जास्त होते तिथे जरा जास्त थांबू.

कल्पना कादंबरीची आहे का?

सुचलेल्या प्रत्येक गोष्टीची कादंबरी होत नाही. एखादा विलक्षण प्रसंग, गावातला एक वल्ली, आजीने सांगितलेली हकिकत यांची कथा होते, फार तर दिवाळी अंकातली दीर्घकथा. मोठा आराखडा करत बसण्याआधी तीन प्रसंग लिहून पाहा: एक सुरुवातीचा, एक मधला, एक शेवटाजवळचा. मधला प्रसंग सुचतच नसेल, तर तुमच्या हातात अजून कथाच आहे. ती कथा म्हणून लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

लांबीचा अंदाज असलेला बरा. डेमी आकाराच्या छापील पानावर मराठीचे साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. साठ हजार शब्दांची कादंबरी म्हणजे दोनशे ते अडीचशे पाने. पहिल्याच पुस्तकाला सहाशे पाने लागत असतील तर लिहा, पण कागद आणि छपाईचा खर्च पाहून प्रकाशक दोनदा विचार करणार, हे धरून चाला.

किती वेळ लागावा, याला मात्र नियम नाही. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ सपाट्यात लिहून काढली आणि ती १९६३ साली आली. त्यांच्याच ‘हिंदू’ची वाट वाचकांनी कित्येक दशके पाहिली आणि ती २०१० साली हाती पडली. ‘रोज हजार शब्द’ हा सल्ला ज्यांना मानवतो त्यांनी घ्यावा.

खर्डा संपला, म्हणजे कादंबरी संपली असे नाही

पहिला खर्डा कोणालाही पाठवू नका. तो महिना-दोन महिने बाजूला ठेवा. मग छापील प्रत काढून, हातात पेन घेऊन वाचा. स्क्रीनवर नजर घसरत जाते आणि स्वतःचे वाक्य तर आपण न वाचताच पुढे जातो. संवाद मोठ्याने वाचा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी असे काही पात्रांच्या तोंडी असेल, तर ती बोली रोज बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, की सगळेच बोलीत, हे एकदा ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळा. एकच पात्र पान ४० वर ‘व्हतं’ आणि पान ९० वर ‘होतं’ म्हणू लागले, की संपादकाला तो निष्काळजीपणा वाटतो.

त्यानंतर दोन-तीन वाचक निवडा. घरातली माणसे कौतुक तरी करतात किंवा स्वतःला पात्रांत शोधत बसतात, त्यामुळे त्यांना वगळा. वाचकाला ‘कशी वाटली?’ असे विचारू नका. हे विचारा:

- कुठल्या पानावर बाजूला ठेवावीशी वाटली?
- कोणते पात्र दुसऱ्या पात्राशी गल्लत करायला लावते?
- शेवट आधीच कळला का? कळला असेल तर कुठे?

तिघांनी एकाच जागी बोट ठेवले तर तिथे दुरुस्ती करा. तिघांनी तीन वेगळ्या जागा दाखवल्या तर तुमच्या मनाचे ऐका.

पाठवण्याआधीची किरकोळ वाटणारी कामे

- मजकूर युनिकोडमध्ये असू द्या. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित करताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला ऱ्य आणि रफार हमखास मोडतो. रूपांतरानंतर पूर्ण संहिता पुन्हा वाचा.
- पानांना क्रमांक द्या, प्रकरणे नव्या पानावर सुरू करा, ओळींत मोकळी जागा सोडा.
- पूर्ण संहिता आणि एका पानाचा गोषवारा वेगळा ठेवा. गोषवाऱ्यात शेवट सांगून टाका. प्रकाशकाची उत्कंठा वाढवायची नसते.
- शुद्धलेखन तपासून घ्या. पुढे मुद्रितशोधक असतो हे खरे, पण पहिल्या पानावरच्या सहा चुका पाहून बाड मिटणारे संपादक आहेत.
- नामवंतांची प्रस्तावना आधीच मिळवून जोडू नका. प्रस्तावनेमुळे कादंबरी स्वीकारली जाते ही समजूत फार पसरलेली आहे. कादंबरीला बहुधा प्रस्तावना लागतच नाही.

आणखी एक. मराठी कादंबरीकाराला प्रकरणाच्या सुरुवातीला कवितेची किंवा गाण्याची ओळ टाकायची हौस असते. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो, आणि ही मुदत निधनानंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. केशवसुतांची ओळ आज मोकळी आहे. गदिमांची २०३७ अखेरपर्यंत नाही, कुसुमाग्रजांची २०५९ अखेरपर्यंत नाही. परवानगी आणणे तुमच्या अंगावर येते, आणि चित्रपटगीताच्या बाबतीत ती कोणाकडे मागायची हे शोधण्यातच महिने जातात. ओळ काढून टाकणे सोपे पडते.

चोरीची भीती

कायदा थोडक्यात असा. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार तुम्ही लिहिले त्या क्षणी हक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करून ती करता येते. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. पुढे वाद झालाच तर नोंदणी हा चांगला पुरावा ठरतो. नोंदणी करायची नसेल तर खर्ड्यांच्या तारखांसह फायली आणि पाठवलेल्या ई-मेल जपून ठेवा. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने बाड पाठवून पाकीट न फोडता ठेवण्याचा जुना उपाय अजूनही सांगितला जातो. त्यावर विसंबू नका.

कल्पनेवर मात्र हक्क नसतो. ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. धरणग्रस्तांच्या गावावर दुसऱ्या कोणी कादंबरी लिहिली, तर ती तुमची चोरी नव्हे. तुमची वाक्ये, पात्रांची घडण, प्रसंगांची विशिष्ट गुंफण उचलली, तर तक्रारीला जागा आहे. खरे सांगायचे तर पहिल्या कादंबरीच्या लेखकाला चोरीचा धोका फार थोडा असतो. त्याचे नुकसान करारात होते.

खऱ्या माणसांवर लिहिले असेल तर धोका उलट दिशेने येतो. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ हे वाक्य छापल्याने बदनामीच्या दाव्यातून सुटका होत नाही. गाव, व्यवसाय, अपंगत्व, भावंडांची संख्या अशा खुणा जुळून माणूस ओळखू येत असेल, तर नाव बदलणे पुरेसे नसते. खुणा बदला.

प्रकाशक निवडताना

पुस्तकांच्या दुकानात किंवा ग्रंथालयात जा. तुमच्या कादंबरीच्या जवळपास जाणाऱ्या, गेल्या पाच वर्षांत आलेल्या दहा कादंबऱ्या काढा आणि त्या कोणी छापल्या ते टिपा. मौज, पॉप्युलर, राजहंस, मेहता, रोहन, साकेत, लोकवाङ्मय गृह, शब्द अशी नावे आहेत. प्रत्येकाची आवड निराळी, काही ऐतिहासिक कादंबरीकडे झुकलेले, काही प्रयोगशील लेखनाकडे. श्रेयपृष्ठ वाचा. संपादकाचे, मुखपृष्ठकाराचे नाव दिलेले आहे का? दुसरी आवृत्ती निघाली आहे का? बांधणी पाहा. घाणेरडी छपाई करणारा प्रकाशक तुमच्यासाठी वेगळी छपाई करणार नाही.

मराठीत साहित्यिक एजंट अपवादानेच भेटतात, तेव्हा पत्र तुम्हालाच लिहायचे आहे. आधी विचारणा करा: अर्ध्या पानाचे पत्र, गोषवारा, पहिली दोन-तीन प्रकरणे. पत्रात कादंबरी कशाबद्दल आहे, किती शब्दांची आहे आणि तुम्ही काय करता एवढे पुरे. ‘समाजप्रबोधन करणारी’, ‘वाचकांना खिळवून ठेवणारी’ ही विशेषणे खोडा. कादंबरीचा भाग दिवाळी अंकात आला असेल तर जरूर लिहा. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, त्यामुळे तिथे काही पाठवायचे असेल तर पावसाळ्याची वाट पाहू नका.

उत्तराला तीन ते सहा महिने लागतात. तीन महिन्यांनी एकदा नम्रपणे विचारावे. एकाच वेळी अनेकांकडे पाठवणे गैर नाही, पण तसे पत्रात सांगा आणि एकाने होकार दिला की बाकीच्यांना लगेच कळवा. ‘साभार परत’ आले तर कारण विचारत बसू नका; कारण त्यांनी आपणहून लिहिले असेल तर तो कागद मात्र जपून ठेवा.

पैसे कोणी कोणाला द्यायचे?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. रस्ते मुख्यतः चार आहेत.

*प्रकाशकाच्या खर्चाने.* संपादन, छपाई, वितरण सारे त्याचे, तुम्हाला मानधन. पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती ही जुनी गोष्ट झाली, आता पाचशे किंवा त्याहूनही कमी निघतात.

*अनुदानातून.* महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ जाहीर निवेदन काढून हस्तलिखिते मागवते आणि तज्ज्ञांकडून वाचून घेते. अट पहिल्या पुस्तकाची आहे. म्हणून कादंबरी हाताशी असताना हौसेने पदरचे पैसे घालून कवितांची पुस्तिका काढण्याआधी त्या वर्षीच्या अटी वाचून घ्या.

*लेखकाच्या पैशाने, प्रकाशकाच्या नावाने.* हे कधी उघड असते, कधी आडून: ‘दोनशे प्रती तुम्ही घ्या’, ‘संपादनाचा खर्च तेवढा द्या’, ‘प्रकाशन समारंभ तुमच्याकडून’. पैसे देणे गुन्हा नाही. पण दिले, तर तुम्ही ग्राहक आहात आणि ग्राहकासारखे वागा. दुसऱ्या छापखान्याकडून दरपत्रक मागवून तुलना करा, प्रतींची संख्या लेखी घ्या, विकल्या न गेलेल्या प्रती कोणाच्या हे ठरवा. हक्क मात्र देऊ नका. पैसेही तुमचे आणि हक्कही त्यांचे, असा करार मी तरी कोणाला करू देणार नाही.

*स्वतः प्रकाशक होऊन.* अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई यांचे दर वेगवेगळे घ्या. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनाशुल्क मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. प्रकाशक तुम्ही असल्यामुळे १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवणे तुमचे काम आहे. खरी अडचण वितरणाची येते. विक्रेते आणि वितरक छापील किमतीवर चाळीस-पन्नास टक्के सवलत मागतात आणि पैसे सावकाश देतात. पाचशे प्रती घरात येऊन पडल्या की पलंगाखालची जागा पुरत नाही, एवढे आधी पाहून ठेवा. आधी किंडलवर मराठी ई-पुस्तक आणि मागणीनुसार छपाईच्या पन्नास प्रती, हा सुरुवातीला शहाणपणाचा मार्ग आहे.

करार: इथे घाई करू नका

‘आपल्यात कसला आलाय करार’ हे वाक्य प्रेमाने म्हटले गेले तरी कागद मागा. लेखी आणि तुमच्या सहीचा कागद असल्याशिवाय स्वामित्वहक्काचे हस्तांतर वैध होत नाही. कायदा तुमच्या बाजूने आणखी बरेच काही सांगतो:

- मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांपुरते धरले जाते.
- प्रदेश लिहिला नसेल तर ते भारतापुरते.
- घेतलेला हक्क प्रकाशकाने १ वर्षात वापरला नाही, आणि करारात वेगळे ठरलेले नसेल, तर तो हक्क संपतो.
- २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेले माध्यम त्यात नाव घेऊन नमूद नसेल तर त्याचा हक्क जात नाही.
- हक्क विकून टाकला तरी कलम ५७ नुसार लेखक म्हणून तुमचे नाव राहते, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीविरुद्ध दाद मागता येते.

पण यांतली पहिली तीन कलमे फक्त रिकाम्या जागा भरतात. करारात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, जगभर, कायमचे’ असे लिहून तुम्ही सही केलीत, तर भरायला जागाच उरत नाही. छापील पुस्तकाचा हक्क ठरावीक वर्षांसाठी द्या. अनुवाद, ई-पुस्तक, ऑडिओ, नाटक, चित्रपट आणि वेबमालिका यांची प्रत्येकाची वेगळी ओळ लिहून घ्या. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यापासून मराठी कादंबऱ्या ऐकल्या जाऊ लागल्या आणि जुन्या करारांतली ऑडिओची मोघम वाक्ये अचानक महत्त्वाची झाली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’वर, मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’वर चित्रपट आले. तुमच्या कादंबरीवर येईलच असे नाही, पण आला तर निर्मात्याने परवानगी कोणाकडे मागायची हे आजच ठरते.

आता मानधन. मराठीत दहा टक्के हा आकडा सर्वाधिक ऐकू येतो. विचारायचे ते एवढेच, की दहा टक्के कशाचे? पुस्तकाची छापील किंमत ४०० रुपये आणि ५०० प्रती विकल्या गेल्या, तर छापील किमतीवर तुमचे २०,००० रुपये होतात. तेच ४५ टक्के सवलत वजा जाता प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या २२० रुपयांवर काढले तर ११,००० होतात. टक्केवारी तीच आहे. शिवाय मानधन छापलेल्या प्रतींवर की विकलेल्या, हिशेब वर्षातून केव्हा, आणि आवृत्ती म्हणजे किती प्रती, हेही लिहून घ्या. मुखपृष्ठावर ‘चौथी आवृत्ती’ आणि हिशेबात साडेतीनशे प्रती, असे घडू शकते. मानधन हे करपात्र उत्पन्न आहे, तेव्हा पॅन क्रमांक द्या आणि कापलेल्या कराचा दाखला मागून घ्या.

दोन कलमांवर लाल पेन चालवा. एक, ‘लेखकाने पुढील सर्व पुस्तके प्रथम याच प्रकाशकास द्यावीत’. दुसरे, ‘पुस्तक उपलब्ध असेपर्यंत करार चालू राहील’. पुस्तक ई-पुस्तक म्हणून किंवा मागणीनुसार छपाईत नावापुरते ‘उपलब्ध’ ठेवता येते, मग ते कधीच परत येत नाही. त्याऐवजी ‘सलग दोन वर्षे वर्षाला पन्नासपेक्षा कमी प्रती विकल्या गेल्यास लेखकाच्या लेखी पत्रानंतर हक्क परत’ असे काहीतरी मोजता येईल असे लिहा. पुस्तक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जाणे यात भांडण नसते. ‘कोसला’ देशमुख आणि कंपनीने काढली आणि पुढे ती पॉप्युलरकडे आली.

संपादन आणि मुद्रिते

संपादकाने सुचवलेल्या बदलांना ‘माझ्या शैलीवर घाला’ म्हणण्याआधी दोन दिवस जाऊ द्या. मौजेचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक मराठी लेखकांना लाभले. तसा बारकाईने वाचणारा माणूस मिळाला तर वाद घाला, पण ऐका. मुद्रिते स्वतः वाचा. या टप्प्यावर परिच्छेद नव्याने लिहायचे नसतात. पाने सरकतात आणि सोळा पानांच्या फर्म्याचे गणित बिघडते. नावांचे स्पेलिंग, तारखा, पात्रांची वये आणि मलपृष्ठाचा मजकूर मात्र शेवटपर्यंत तपासा. मलपृष्ठावर शेवट फोडलेला असतो, ही तक्रार नेहमीची आहे.

पुस्तक आल्यावर

समारंभावर शक्ती खर्च करण्यापेक्षा हे करा:

- परीक्षणासाठी प्रती कोणाला जाणार ती यादी प्रकाशकासोबत बसून ठरवा. ओळखीच्यांना फुकट वाटलेल्या प्रती परीक्षणाच्या नव्हेत.
- राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशन कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार आहे. वय ३५ च्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही आहे. नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ला तो २०१८ मध्ये मिळाला. प्रवेशिका प्रकाशक पाठवणार की तुम्ही, हे विचारून घ्या.
- सार्वजनिक ग्रंथालये हा मराठी कादंबरीचा मोठा ग्राहक आहे. शासनाच्या ग्रंथयादीसाठी पुस्तक सादर झाले का, ते पाहा.
- दरवर्षी हिशेब लेखी मागा. न मागताच आला तर उत्तम.

आणि कराराची प्रत घरात कुठे आहे हे कोणाला तरी सांगून ठेवा. सुहास शिरवळकर २००३ मध्ये गेले, त्यांच्या कादंबरीवरचा ‘दुनियादारी’ चित्रपट २०१३ मध्ये आला. तुमच्यानंतरही ६० वर्षे हे हक्क चालू राहतात, तेव्हा घर आणि शेतीबरोबर त्यांचीही मृत्युपत्रात नावानिशी नोंद करा. प्रत्येक पुस्तकाचे नाव, प्रकाशक, कराराची तारीख आणि कोणते हक्क तुमच्याकडे आहेत, असे चार रकान्यांचे एक पान पुरते.